चिनी भाषेत संपाबद्दल बोलायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी शिकणारे, चाकण-रांजणगाव साइडला चिनी मॅनेजरांबरोबर दुभाष्याचं काम करणारे आणि नुसतेच बातम्या वाचून गोंधळलेले, या तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्रम असा काही खास नाहीये, जे जास्त विचारलं जातं त्यावर जास्त लिहिलंय.

हे उच्चार असे का लिहिलेत? संपाला पुस्तकात तर 'बा-गोंग' आहे आणि तुम्ही 'पा-कुंग' लिहिताय

कारण पुस्तकात रोमन अक्षरं आहेत आणि ती वाचून आपण फसतो. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आपला ब, द, ग नाहीच मुळी. रोमनमध्ये 'बी' दिसतो तो आपला साधा प, 'डी' दिसतो तो त, 'जी' दिसतो तो क, आणि 'पी', 'टी', 'के' दिसतात ते आपले फ, थ, ख (फ फळातला, फॅनमधला नव्हे, फॅनवाल्याला मी खाली टिंब देते: फ़). मराठी माणसाला खरं तर हे सोपं जायला पाहिजे कारण प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्याला पाळण्यातच मिळालाय, पण शिकताना आपण रोमनमधून शिकतो आणि हातातलं घालवून बसतो. तसंच चाकातला च आणि चहातला च, हे दोन्ही चिनीत आहेत, चाकातल्या चला मी टिंब देते: च़. त्याचा जोरात हवा सोडून केलेला भाऊ म्हणजे छ़. आणि आपला पोटफोड्या ष, जो आता शाळेबाहेर कोणी नीट उच्चारत नाही, तो चिनीत रोज लागतो. कंसातले आकडे म्हणजे स्वर: १ सपाट उंच, २ वर चढणारा, ३ खाली दबलेला, ४ वरून खाली आपटणारा. शहरांची नावं मात्र पेपरात येतात तशीच ठेवलीयेत, उगाच पेइचिंग वगैरे करत नाही.

संपाला सगळ्यात सरळ शब्द कोणता?

पा-कुंग (४-१). 'पा' म्हणजे थांबवणं, 'कुंग' म्हणजे काम. कामगारांनी संप केला = कुंग-रन पा-कुंग ल. ह्यात एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना दोन-दोन वर्ष शिकूनही माहीत नसते, की हा शब्द मधून फाकवता येतो. तीन दिवस संप केला हे 'पा-कुंग सान थ्येन' असंही चालतं आणि 'पा ल सान थ्येन कुंग' असंही, म्हणजे 'पा' आणि 'कुंग' च्या मध्ये तीन दिवस घुसवायचे. दुसरं रूप बोलण्यातलं वाटतं, पहिलं बातमीतलं. एक संप म्हणायचं तर मोजायचा शब्द 'छांग' लागतो, यी छांग पा-कुंग. पेपरात 'संप पुकारला' असं द्यायचं असेल तर 'फ़ा-तुंग' (१-४), 'संप झाला, पार पडला' टाइपचं असेल तर 'च्यू-शिंग' (३-२), आणि गप्पांत ह्यातलं काहीच लागत नाही, नुसतं पा-कुंग ल म्हटलं की झालं. सार्वत्रिक संप म्हणजे च़ुंग पा-कुंग.

आता धोक्याची सूचना. पान-कुंग (४-१) म्हणून वेगळाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ ऑफिसचं काम करणं! स्वरही तेच, फरक फक्त मधल्या न चा. म्हणजे 'साहेब पान-कुंग करतायत' मधला न गिळला की साहेब संपावर. फोनवर बोलताना आणि मशीनच्या आवाजात हा न हमखास गळतो, म्हणून तो जरा नाकात ठेवूनच बोला.

मग चिनी कंपनीच्या नोटिशीत किंवा सरकारी कागदात पा-कुंग का दिसत नाही?

ह्या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे वाचावे असा हा प्रश्न आहे.

चीनच्या मुख्य भूमीवर कागदोपत्री शब्द आहे थिंग-कुंग (२-१), म्हणजे काम थांबणं. कोणी थांबवलं ते त्यात नाहीच. लाइट गेली तरी थिंग-कुंग, पूर आला तरी थिंग-कुंग, कच्चा माल संपला तरी थिंग-कुंग आणि कामगार हात बांधून उभे राहिले तरी थिंग-कुंग. तिथला १९९२ चा ट्रेड युनियन कायदा काढून बघा, नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या पण ह्या बाबतीत शब्द तेच राहिलेत: 'थिंग-कुंग, ताय-कुंग' झालं तर युनियनने काय करायचं ते लिहिलंय. ताय-कुंग (४-१) म्हणजे मुद्दाम हळू काम करणं, आपल्याकडे ज्याला गो-स्लो म्हणतात ते. पा-कुंग हा शब्द त्या कलमात नाही.

असं का, तर त्याला इतिहास आहे. १९७५ च्या चिनी राज्यघटनेत नागरिकांना संपाचं स्वातंत्र्य होतं, पा-कुंग हाच शब्द स्पष्ट लिहिलेला, आणि ते माओंच्या सूचनेवरून घातलं असं तेव्हा जाहीर सांगितलं गेलं होतं. १९७८ च्या घटनेतही ते राहिलं. मग डिसेंबर १९८२ मध्ये नवी घटना आली आणि ते काढून टाकलं. (त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्यासारख्यांना साल लक्षात ठेवायला बरं पडतं.) तेव्हापासून चीनमध्ये पा-कुंग हा शब्द बंदी घातलेला नाहीये, डिक्शनरीत आहे, शाळेच्या इतिहासात आहे, परदेशातल्या बातम्यांत तर धो धो आहे, फ्रान्समध्ये रेल्वेवाल्यांनी संप केला की चिनी सरकारी मीडिया बिनधास्त पा-कुंग लिहितं. फक्त स्वतःच्या देशातल्या आजच्या कारखान्याबद्दल अधिकृतपणे बोलायची वेळ आली की तो जड होतो आणि थिंग-कुंग पुढे येतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की फॉर्मल म्हणजे लांबलचक शब्द आणि कॅज्युअल म्हणजे छोटा शब्द असं इथे नाहीये. इथे विचारायचं हे की बोलतंय कोण. कामगार पा-कुंग म्हणतो, मॅनेजमेंट थिंग-कुंग म्हणते, आणि पोलीस काय म्हणतात ते पुढच्या प्रश्नात.

'छुन-थी-शिंग षर्-च्येन' हा एवढा लांब शब्द बातम्यांत येतो, तो संपच ना?

संप असू शकतो, मोर्चा असू शकतो, जमिनीवरून गावकऱ्यांनी केलेली मारामारी पण असू शकते. शब्दशः सामूहिक स्वरूपाची घटना. हा प्रशासनाचा शब्द आहे, कायदा-सुव्यवस्थेच्या चष्म्यातून बघणारा, त्यात मागणी काय होती ह्याला जागाच नाही. कुठलाही कामगार स्वतःच्या संपाला असं म्हणणार नाही. भाषांतर करताना ह्याचं 'संप' करू नका, 'सामूहिक घटना' असंच ठेवा आणि वाचणाऱ्याला कळू दे की हे कोणाचं बोलणं आहे.

म्हणजे चीनमध्ये संप करणं बेकायदा आहे का? एका वाक्यात सांगा

एका वाक्यात नाही सांगता येत. संप केला म्हणून गुन्हा असं सरळ कलम नाही आणि संपाचा हक्क पण नाही, मधल्यामध्ये लटकलेलं. काम थांबतं, बऱ्याचदा स्थानिक अधिकारी येऊन तोडगा काढतात आणि प्रकरण मिटतं. पण ज्याने पुढाकार घेतला त्याच्यावर दुसरीच कलमं लागू शकतात, त्यातलं एक चिनी बातम्या वाचणाऱ्याला माहीत असायलाच हवं: शुन-शिन च़-षर्, कुरापत काढून गोंधळ घालणे. इतकं लवचिक आहे ते की कशालाही लागतं. 'पुढे कोण होतं' ह्याला शब्द आहे ताय-थोउ (४-२). हा शब्द ऐकलात की कान टवकारा, तो साधा चौकशीचा प्रश्न क्वचितच असतो.

मित्रांमध्ये, चॅटवर, रोजच्या बोलण्यात पा-कुंग वापरला तर लोक दचकतील का?

छे, उलट रोजच्या बोलण्यात त्याचा सगळ्यात जास्त वापर वस्तूंसाठीच होतो! षोउ-ची पा-कुंग ल = मोबाइलने संप पुकारला, म्हणजे बंद पडला. कॉम्प्युटर, एसी, लिफ्ट, गाडीची बॅटरी, सगळे पा-कुंग करतात. खूप खाल्लं तर पोट पा-कुंग करतं. आई चिडून म्हणू शकते आज मी पा-कुंग, स्वयंपाक तुम्ही करा. ह्यात काही राजकीय नाही, मराठीतही आपण 'आज मिक्सर संपावर आहे' म्हणतोच.

माणूस वैतागून काम टाकून देतो त्याला मात्र वेगळे मस्त शब्द आहेत. ल्याओ थ्याओ-च़ (४-१, शेवटचा हलका), म्हणजे खांद्यावरची कावड खाली आपटणं. हा संप नाही हां, एकट्याचं रागाने काम सोडून देणं आहे, आणि त्यात थोडी टीका पण आहे की बाबा जबाबदारी टाकून गेला. त्याहून सरळ: पू कान ल, नाही करणार जा! 'वो' (मी) लावून म्हटलं तर ठीक, 'लाओ-च़' लावून म्हटलं तर 'तुझा बाप नाही करणार' असा सूर येतो, ते मित्रांतच ठेवा.

मग मो-यू (१-२), मासे चाचपणं, म्हणजे ऑफिसात बसून टाइमपास. आणि थांग-फिंग (३-२), सपाट पडून राहणं, २०२१ मध्ये तरुणांमध्ये प्रचंड चाललेला शब्द, की घर, लग्न, प्रमोशन कशाच्याच मागे धावायचं नाही, पडून राहायचं. काही लोक ह्याला एकट्या माणसाचा संप म्हणतात, मला ते थोडं ताणलेलं वाटतं, कारण संपात समोर मालक असतो आणि काहीतरी मागायचं असतं, थांग-फिंगमध्ये मागणं सोडलेलंच असतं.

आणि ९९६, वाचायचं च्यो-च्यो-ल्यो. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रामर लोकांनी ह्याविरुद्ध ऑनलाइन मोहीम चालवली, कोणी काम थांबवलं नव्हतं, कंपन्यांची यादी करून टाकली होती फक्त. त्याच वेळी अलिबाबा कंपनीच्या जॅक मा यांनी असं काम करायला मिळणं म्हणजे फ़ू-पाओ, पूर्वपुण्याईचं फळ, असं म्हटलं आणि तो शब्द कायमचा टोमणा होऊन बसला. आता रविवारी बॉसने बोलावलं की चिनी मित्र म्हणतो, 'काय करणार, फ़ू-पाओ आला'. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९९६ कायद्यात बसत नाही हे स्पष्ट केलं, पण टोमणा चालूच आहे.

पगार थकवलाय म्हणून कामगार जमलेत, ह्याला संप म्हणायचं का?

नाही, आणि ही चूक पेपरवाले पण करतात. चीनमधल्या कामगारांच्या भांडणांमध्ये थकलेला पगार हा भलामोठा विषय आहे, विशेषतः बांधकामावर. तिथे कामच संपलेलं असतं, ठेकेदार पळालेला असतो, मग थांबवायचं काय? ह्याला शब्द आहे थाओ-शिन (३-१), पगार मागणं, 'थाओ' मध्ये कर्ज वसूल करण्याचा भाव आहे. मालकाच्या बाजूने बघितलं तर छ्येन-शिन (४-१), पगार थकवणं. चिनी नवीन वर्षाच्या आधी थाओ-शिनच्या बातम्यांचा पूर येतो कारण माणसाला गावी जायचं असतं आणि रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर बोनसवरून जे होतं तसंच काहीसं.

ह्यातली घोषणा पाठ करून ठेवा, बॅनरवर हमखास दिसते: ह्वान वो श्वे-हान छ्येन. माझे रक्ता-घामाचे पैसे परत द्या. श्वे-हान म्हणजे रक्त आणि घाम, त्यावरूनच राबवून पिळून घेणाऱ्या कारखान्याला श्वे-हान कुंग-छांग म्हणतात.

थाओ-शिन हा शब्द सरकारलाही चालतो हे लक्षात घ्या. पगार बुडवणं २०११ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. त्यामुळे हाच शब्द सरकारी वेबसाइटवर, कोर्टात, टीव्हीवर बिनधास्त वापरला जातो. म्हणूनच कामगारही बऱ्याचदा 'आम्ही संप नाही करत, थाओ-शिन करतोय' असं म्हणतात. तसाच सेफ शब्द वेइ-छ्वेन (२-२), हक्कांचं रक्षण. ग्राहकही वेइ-छ्वेन करतात, फ्लॅट न मिळालेले लोकही करतात. आणि अजून एक ओळखीचा वाटेल: ची-थी छिंग-च्या, सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकणं. आपल्या सामूहिक रजा आंदोलनाचा सख्खा भाऊ.

कामगार ह्याला नेमका शब्द कोणता? पुस्तकात कुंग-रन आहे पण कंपनीत कोणी म्हणत नाही

कुंग-रन (१-२) बरोबरच आहे, कारखान्यातला कामगार. पण त्याला जुन्या समाजवादी काळाचा वास आहे. कंपनीचा एचआर म्हणतो युएन-कुंग (२-१), स्टाफ. युनियन आणि सरकारी कागद म्हणतात चर्-कुंग (२-१). कायद्यात लाओ-तुंग-च, श्रम करणारा. गावाहून शहरात आलेला तो नुंग-मिन-कुंग, शेतकरी-कामगार, हा अधिकृत कागदातही आहे पण तोंडावर कोणाला म्हणू नका, ज्याला म्हणाल त्याला आवडेलच असं नाही. समोरासमोर हाक मारायची तर षर्-फ़ू, आपल्याकडे 'मिस्त्री' किंवा 'दादा' म्हणतो त्या जागी. कामगार एकमेकांना कुंग-यो म्हणतात. मुकादम किंवा लेबर ठेकेदार तो पाओ-कुंग-थोउ.

आणि ता-कुंग (३-१), म्हणजे दुसऱ्याकडे नोकरी करून पोट भरणं. पूर्वी हे नुंग-मिन-कुंग लोकांसाठीच होतं, पण २०२० मध्ये 'ता-कुंग-रन' असा जोक पसरला आणि एसी ऑफिसात बसणारे पण स्वतःला तेच म्हणायला लागले.

युनियन म्हणजे कुंग-ह्वेइ ना? मग कुंग-ह्वेइ संप करते असं वाक्य माझ्या चिनी सरांनी का हसण्यावारी नेलं?

कारण शब्द तोच असला तरी गोष्ट ती नाही. चीनमध्ये कायद्याने एकच संघटना, अखिल चीन कामगार महासंघ, १९२५ मध्ये स्थापन झालेला, बाकी सगळ्या कुंग-ह्वेइ त्याच्या छत्राखाली. कारखान्यातली कुंग-ह्वेइ सणाला तेल-तांदळाची भेट देते, सहली काढते, सिनेमाची तिकिटं वाटते, आणि बऱ्याचदा तिचा अध्यक्ष मॅनेजमेंटमधलाच असतो. संप पुकारणं हे तिचं काम समजलं जात नाही, काम परत सुरू करवणं हे समजलं जातं. त्याला शब्द फ़ू-कुंग (४-१).

मे २०१० मध्ये ग्वांगडोंग प्रांतात फोशान शहरातल्या होंडाच्या पार्ट्सच्या कारखान्यात संप झाला, गिअरबॉक्स बनवणारा कारखाना, तो थांबल्यामुळे होंडाच्या चीनमधल्या गाड्या जोडणाऱ्या प्लांटांचं काम पण ठप्प. तिथे पोरंच होती बरीचशी, इंटर्न म्हणून लावलेली, पगारवाढ पाहिजे होती आणि आपली कुंग-ह्वेइ आपण निवडणार अशीही मागणी होती. मे अखेरीस स्थानिक कुंग-ह्वेइची माणसं आणि संपकरी कामगार ह्यांच्यातच झटापट झाली, नंतर त्या कुंग-ह्वेइला माफीचं पत्र काढावं लागलं. कामगारांना ५०० युआनच्या आसपास वाढ मिळाली.

ह्यालाच लागून अजून एक जोडी. आपल्याकडे युनियन आणि कंपनी बसून करार करतात त्याला चिनीत ची-थी थान-फान (२-३-२-४), सामूहिक वाटाघाटी. पण चीनच्या कायद्यातला शब्द ची-थी श्ये-षांग, सामूहिक सल्लामसलत. थान-फानमध्ये दोन बाजू समोरासमोर असतात, श्ये-षांगमध्ये सगळे एका टेबलाच्या एकाच बाजूला बसल्याचा आव असतो. मीटिंगमध्ये चिनी साहेब श्ये-षांग म्हणाले आणि दुभाष्याने 'वाटाघाटी' सांगितलं, तर इथल्या कामगार प्रतिनिधींना वाटतं साहेब करार करायला तयार झाले. नसतात झालेले.

संप फोडणाऱ्याला शिवी काय?

कुंग-च़ेइ (१-२), कामगार-चोर. कडक शब्द आहे, आणि त्यामागची गोष्ट त्याहून कडक. १९२२ मध्ये आन्युआनच्या खाणीत आणि रेल्वेत मोठा संप झाला, 'आधी गुरंढोरं होतो, आता माणूस व्हायचंय' ही त्याची घोषणा. त्याच्या पुढाऱ्यांमध्ये होते ल्यू शाओची, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत १९६८ मध्ये त्यांना कम्युनिस्ट पक्षातून काढलं तेव्हा जे तीन शिक्के मारले ते होते फितूर, घरभेदी आणि कुंग-च़ेइ. ज्याने संप चालवला त्यालाच संपफोड्या. १९६९ मध्ये ते कैदेतच गेले आणि १९८० मध्ये पक्षाने सगळे आरोप मागे घेतले. त्यामुळे थोड्या वयस्कर चिनी माणसाच्या कानाला हा शब्द नुसता फॅक्टरीतला लागत नाही. गंमतीत कोणाला म्हणू नका.

'तीन पा' म्हणजे काय? इतिहासाच्या पुस्तकात आलंय

पा-कुंग, पा-ख आणि पा-षर्. कामगारांचा संप, विद्यार्थ्यांचा वर्गांवर बहिष्कार आणि दुकानं बंद. जून १९१९ मध्ये, चार मेच्या (विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या साम्राज्यविरोधी) आंदोलनाच्या लाटेत, शांघायमध्ये तिन्ही एकत्र झाले तेव्हापासून हे त्रिकूट प्रसिद्ध. पा-षर् ला मराठीत 'हरताळ' एकदम चपखल, कारण तोही मुळात दुकानांना कुलूप लावण्याचाच. 'पा' लावून अजून बनतात: पा-च्याओ शिक्षकांचा, पा-यून टॅक्सी-ट्रकवाल्यांचा. टॅक्सीवाल्यांच्या बाबतीत परत तोच खेळ, ड्रायव्हर म्हणणार पा-यून आणि नरमाईने लिहायचं तर थिंग-यून, वाहतूक थांबली.

चिनी इतिहासात संप हा शब्द अभिमानाचा आहे हेही सांगते, नाहीतर वाटेल सगळीकडे दबूनच बोलतात. ७ फेब्रुवारी १९२३ ला बीजिंग-हानखौ रेल्वेचा संप वू फेइफू या लष्करशहाने गोळ्या घालून मोडला, त्याच्या स्मरणार्थ झेंगझौ शहरात भरचौकात मनोरा आहे आणि त्या भागाचं नावच अर्-छी, म्हणजे 'दोन-सात'. १९२५ च्या मे महिन्यात शांघायच्या जपानी सूतगिरणीत एक कामगार मारला गेला, त्याविरुद्धच्या निदर्शनांवर ३० मे ला ब्रिटिशांच्या हुकमातल्या पोलिसांनी गोळीबार केला, त्या पोलिसांत शीख शिपाईही होते, म्हणजे भारताचा ह्या गोष्टीत असाही एक पाय आहे. त्यातून पेटलेला कॅन्टन (आजचं ग्वांगझौ)-हाँगकाँग संप जून १९२५ ते ऑक्टोबर १९२६ चालला. ह्या सगळ्यांबद्दल लिहिताना पा-कुंग, आणि तोही 'ता पा-कुंग', महासंप. तिथे थिंग-कुंग लिहिलंत तर चिनी माणूसच हसेल.

तैवान आणि हाँगकाँगमध्ये पण हेच शब्द चालतात का?

शब्द तेच, वजन वेगळं. तैवानमध्ये संप कायदेशीर आहे (शिक्षकांना मात्र मनाई), युनियनच्या सभासदांचं गुप्त मतदान घेऊन निम्म्याहून जास्त मतं पडली की पा-कुंग करता येतो, त्यामुळे तिथला फॉर्मल शब्दही पा-कुंगच. सरकारी पत्रकात पण तोच. शिवाय तिथे संपाची पूर्ण शब्दसंपत्ती जिवंत आहे: पा-कुंग थोउ-फ्याओ संपाचं मतदान, पा-कुंग यू-काओ संपाची पूर्वसूचना, च्यो-छा-श्येन म्हणजे गेटवरची संपकऱ्यांची रांग. २०१९ मध्ये एव्हा एअरच्या हवाई सुंदरींच्या संपात 'ता-प्येन-छ' हा शब्द घरोघरी पोचला, फुकटात लिफ्ट घेणं, म्हणजे संपात न उतरता संपाने मिळवलेलं लाटणं. युनियन म्हणत होती की असं लाटू देऊ नका.

हाँगकाँगमध्ये कॅन्टोनीज, पण संप तिथेही जवळपास 'पा-कुंग' असाच ऐकू येतो, सुरावट फक्त वेगळी. २०१३ मध्ये गोदी कामगारांचा संप ४० दिवस चालला आणि ९.८ टक्के वाढ घेऊन संपला. तिथला खास शब्द म्हणजे 'नियमावर बोट ठेवून काम', मँडरिनमध्ये वाचायचं तर आन-चांग कुंग-च़्वो. आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना सांगायला नको. लिहिताना लक्षात ठेवा, दोन्हीकडे जुनी लिपी आहे, 'पा' चं अक्षर तिथे चांगलंच गच्च दिसतं.

मोर्चा, धरणं, उपोषण, रास्ता रोको, घेराव?

पटापट सांगते. मोर्चा यो-शिंग (२-२). धरणं चिंग-च़्वो (४-४), शांत बसणं. उपोषण च्वे-षर् (२-२). रास्ता रोको तू-लू (३-४). बॅनर धरणं ला हंग-फ़ू. वरच्या ऑफिसात अर्ज घेऊन जाणं षांग-फ़ांग (४-३), हे चीनमध्ये फार जुनं आणि फार चालणारं. घेरावाला एकच नेमका शब्द शोधत बसू नका, सरळ सांगा की कामगार मॅनेजरला घेरून बसलेत. आणि सान-पू (४-४), फेरफटका: २००७ मध्ये श्यामन शहरात केमिकल प्लांटविरुद्ध लोक मोर्चा नाही, फिरायला निघालोय असं म्हणून हजारोंनी निघाले, तेव्हापासून त्याला तो दुसरा अर्थ चिकटलाय. तसंच ह-छा (१-२), चहा पिणं, म्हणजे पोलिसांनी 'जरा बोलायला' बोलावणं. संदर्भ बघून घ्या, दहातल्या नऊ वेळा तो खरंच चहा असतो.

इथल्या कारखान्यात संप झाला आणि चिनी साहेबांना सांगायचंय, तर कुठला शब्द वापरू? थिंग-कुंग म्हटलं तर जरा सौम्य वाटेल ना?

वाटेल, आणि म्हणूनच वापरू नका. इथे युनियनने नोटीस दिलीय, नोटिशीत संप लिहिलंय, तर पा-कुंग. साहेबांना थिंग-कुंग सांगितलं तर ते विचारतात काय मशीन बिघडलं का, दुपारपर्यंत चालू होईल का, आणि मग सगळा घोळ. शिवाय बोलणाऱ्याचा शब्द सौम्य करायचा अधिकार दुभाष्याला दिलाय कोणी? उलटही तसंच, साहेब थिंग-कुंग म्हणाले तर मराठीत 'काम बंद' सांगा, 'संप' नाही, त्यांनी टाळलेला शब्द तुम्ही त्यांच्या तोंडी घालू नका.

दुसरं, संपाची आगाऊ नोटीस ही कल्पनाच चीनमधून आलेल्या बऱ्याच मॅनेजरांना नवीन असते, तिथे काम अचानक थांबतं. तेव्हा तैवानी शब्द यू-काओ घ्या किंवा सरळ दोन वाक्यं जास्त बोला: इथल्या कायद्यात आधी कळवावं लागतं, ही धमकी नाही, प्रक्रिया आहे. मागण्यांना सू-छ्यो (४-२) म्हणा, याओ-छ्यो (१-२) जरा दरडावल्यासारखं लागू शकतं. पगारवाढ: चांग कुंग-च़. ओव्हरटाइम: च्या-पान. आणि साहेबांनी 'षेइ ताय-थोउ?' म्हणजे पुढारी कोण असं विचारलं, तर तो प्रश्न जसाच्या तसा युनियनकडे पोचवा, उत्तर तुम्ही देऊ नका. दुभाषा आहात, खबऱ्या नाही. ह्याच कारणासाठी वीचॅटच्या (चिनी लोकांचं व्हॉट्सअ‍ॅपच म्हणा) ग्रुपवर संपकऱ्यांची नावं, फोटो टाकणं पूर्ण टाळा, कोणी कितीही गोड बोलून मागितले तरी.

कामावरून काढलं ह्याला काय म्हणतात?

कागदावर खाय-छू (१-२), बडतर्फ. नोकरकपात छ़ाय-युएन (२-२). कंपनीला शब्द गोड हवा असेल तर यो-ह्वा (१-४), ऑप्टिमाइझ केलं. २०२२ च्या सुमारास टेक कंपन्यांत पी-ये (४-४) पण चाललं, म्हणजे ग्रॅज्युएट झालात, अभिनंदन! गप्पांत छाओ यो-यू, स्क्विड परतणं, कारण तव्यावर त्याची वळकटी होते आणि नोकरी गेलेला माणूस अंथरूण गुंडाळून निघायचा. मजा म्हणजे हे उलटंही चालतं, मी बॉसला छाओ केलं म्हणजे मीच राजीनामा तोंडावर मारला. भरपाईबद्दल बोलताना 'एन च्या यी' ऐकू येईल, एन अधिक एक, जितकी वर्षं नोकरी तितके महिन्यांचे पगार आणि वर एक महिना. हे मात्र पूर्ण सिरियस, आणि फिसकटलं तर पुढची पायरी लाओ-तुंग चुंग-छ़ाय, कामगार लवाद, तिथे जायला साधारण एक वर्षाची मुदत असते.

वीचॅटवर स्टेटस म्हणून 'ता-कुंग-रन' टाकलं तर चिनी सहकारी काय समजतील?

हसतील आणि लाइक करतील. सोमवारी सकाळी टाका, 'च़ाओ-आन, ता-कुंग-रन', गुड मॉर्निंग नोकरदारांनो. फक्त बॉस त्याच ग्रुपवर असेल तर त्याच दिवशी पा-कुंगवाला मोबाइलचा जोक टाकू नका, एकामागोमाग एक दोन्ही वाचल्यावर त्याला उगाच वेगळंच वाटायचं.